विकतची हिंमत

तालुक्याच्या गांवीं एस.टी. स्थानकाची भिंत पाहिली म्हणजे बियाण्याच्या व खताच्या जाहिरातींच्या शेजारीं हल्लीं एक निराळीच जाहिरात दिसूं लागली आहे. कोट-टाय घातलेला एक गृहस्थ हात उंच करून उभा असतो, आणि खालीं मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें कीं, दोन दिवसांत तुमचा न्यूनगंड घालवून देऊं, झोपलेला आत्मविश्वास जागा करूं, यशाची किल्ली हातांत देऊं. फी अमुक हजार, जेवण व प्रमाणपत्र यांसह. आमच्या कुणब्या-माळ्यांचीं, धनगरांचीं, सुतार-चांभारांचीं पोरें ही फी भरतात. कोणी शेळी विकून भरतो, कोणी आईच्या गांठीचें सोडवून भरतो. दोन दिवस टाळ्या वाजवितात, ओरडतात, कोणाकोणाच्या डोळ्यांना पाणीही येतें. आणि तिसऱ्या दिवशीं घरीं येऊन पाहतात तों बाप तसाच ओसरीवर बसलेला, सोसायटीची नोटीस तशीच खुंटीला, आणि विहीर तशीच कोरडी. आठवडाभरानें पोरगा पूर्वींपेक्षां अधिक खचतो. कारण आतां त्याच्या मनानें एक नवी गोष्ट घेतलेली असते कीं, एवढें शिकवूनही मला जमलें नाहीं, तेव्हां दोष माझ्यांतच असला पाहिजे.

या धंद्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. १८७३ सालीं सत्यशोधक समाज निघाला तेव्हां जोतीराव फुले व त्यांचे सोबती यांनीं आमच्या लोकांस जी मुख्य गोष्ट सांगितली ती हीच कीं, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दलालाचें काम नाहीं. आज माणूस आणि त्याची स्वतःची हिंमत यांच्यामध्यें दलाल येऊन बसला आहे. पूर्वींचा दलाल निदान परलोकाचें सांगे. त्याचा पुरावा मागावा तरी कोणापाशीं? हा नवा दलाल इहलोकींचें सांगतो, आणि नवल हें कीं याच्याजवळही पुरावा कोणी मागत नाहीं. तो कोणत्या जातीचा आहे हें पाहण्याचें कारण नाहीं. आमच्यांतलेही आतां या धंद्यांत शिरले आहेत, आणि फी घेण्यांत ते कोणास हार जात नाहींत.

न्यूनगंड म्हणून कांहीं नाहींच, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. तो आहे, आणि तो आमच्याच घरांत जास्त आहे. माती हातांत घेऊन वाफसा ओळखणारा साठ वर्षांचा शेतकरी कचेरीच्या पायरीशीं वहाणा काढतो आणि पंचवीस वर्षांच्या कारकुनासमोर अडखळतो. चूल, गोठा, पोरेंबाळें आणि खुरपणी अशीं चार माणसांचीं कामें एकटीनें ओढणारी बाई, कोणीं कांहीं विचारलें कीं म्हणते, ‘आम्हां अडाण्यांस्नी काय कळतंय.’ तापलेल्या लोखंडाच्या नुसत्या रंगावरून त्याला पाणी कधीं पाजावें हें जाणणारा लोहार मुलाला सांगतो, तूं या धंद्यांत पडूं नको. हा न्यूनगंड आईच्या पोटांतून आलेला नाहीं. तो शिकविलेला आहे. हातानें जें कळतें तें ज्ञान नव्हे, कागदावर जें लिहिलें असतें तेंच ज्ञान, हा धडा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडून घोटून घेतला गेला. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतल्या सुपें गांवीं शेतकरी सावकारांवर उठले आणि तो वणवा पुढें पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. तेव्हां लोकांचा रोख पैशाअडक्यापेक्षां रोखे आणि खतें यांकडेच अधिक होता. ते कागद त्यांनीं ओढून काढले आणि जाळले. आपण अंगठा कशावर केला हें ज्याला वाचतां येत नाहीं, त्याला तो कागदच वैरी वाटतो. म्हणजे हिंमत खचण्यास खरीं कारणें असतात. खरीं कारणें टाळ्यांनीं जात नाहींत.

मग तीं जातात कशानें?

खेड्यांतलें पोर पोहायला कसें शिकतें तें आठवा. कांठावर बसून कोणीं व्याख्यान दिलें म्हणून नव्हे. कमरेला वाळका भोपळा नाहींतर रिकामा डबा बांधून मामा त्याला विहिरींत सोडतो. तें दोन दिवस नाकातोंडांत पाणी घेतें. आपल्याच वयाचें शेजारचें पोर हातपाय मारतांना पाहतें. आणि एक दिवस भोपळा सुटला तरी आपण बुडत नाहीं हें त्याच्या ध्यानांत येतें. त्या वेळीं जी हिंमत येते ती कोणाच्या बापाला काढून घेतां येत नाहीं. अमेरिकेंतले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनीं १९७७ सालीं हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेंत मांडली. हें काम मला जमेल असा भरंवसा माणसाला चार वाटांनीं येतो, असें त्यांनीं सांगितलें. स्वतःच्या हातानें काम पार पाडल्यानें; आपल्यासारख्याच दुसऱ्यानें तें पार पाडलेलें पाहिल्यानें; कोणीं तोंडानें ‘तुला जमेल’ असें सांगितल्यानें; आणि त्या वेळच्या आपल्या अंगाच्या व मनाच्या स्थितीवरून. या चारांत पहिली वाट सर्वांत पक्की. नुसत्या सांगण्यानें आलेला भरंवसा कच्चा असतो, आणि अनुभव उलटा आला कीं तो तेव्हांच गळून पडतो. भिंतीवरचा तो गृहस्थ नेमकी हीच कच्ची वाट फी घेऊन विकतो आहे.

त्याच देशांतली आणखी एक हकीगत. कॅलिफोर्निया प्रांताच्या सरकारनें १९८६ सालीं आत्मसन्मान वाढविण्याच्या विचारासाठीं एक समिती नेमली. लोकांना स्वतःविषयीं चांगलें वाटूं लागलें कीं गुन्हे, व्यसनें, शाळेंतलें नापास होणें, सगळेंच कमी होईल अशी त्यांत मोठी आशा होती. १९९० सालीं अहवाल निघाला, आणि शाळांशाळांतून मुलांची स्तुति करण्याचें वारें सुटलें. पुढें २००३ सालीं रॉय बॉमायस्टर व त्यांचे तीन सहकारी यांनीं तोंवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हां त्यांस दिसून आलें कीं, स्वतःविषयीं चांगलें वाटलें म्हणून मूल अभ्यासांत पुढें गेलें असा पुरावा फारसा मिळत नाहीं. अभ्यास जमला म्हणून स्वतःविषयीं चांगलें वाटूं लागलें, असेंच पुष्कळ अंशीं घडतें. आमच्या कुणब्याला हें सांगण्यास इतकीं वर्षें लागलीं नसतीं. आधीं पीक, मग मिशीला पीळ.

‘स्वावलंबन’ या शब्दाचाही असाच विपर्यास झाला आहे. सॅम्युएल स्माइल्स या गृहस्थाचें या विषयावरचें इंग्रजी पुस्तक १८५९ सालीं निघालें आणि जगभर खपलें. आज जे व्याख्याते ‘एकटा लढ, एकटा पुढें जा’ असें सांगतात, त्यांच्या धंद्याचा मूळ पुरुष म्हणून त्याचेंच नांव घेतलें जातें. पण तें पुस्तक कसें जन्मलें हें कोणी सांगत नाहीं. इंग्लंडांतल्या लीड्स शहरीं गरीब स्थितींतले दोन-तीन तरुण हिवाळ्याच्या रात्रीं एकमेकांस शिकविण्यासाठीं जमूं लागले. ज्याला थोडें येई तो त्याहून कमी येणाऱ्याला वाचन, लेखन, अंकगणित शिकवी. संख्या वाढतां वाढतां शंभराच्या घरांत गेली; तेव्हां पूर्वीं पटकीच्या रोग्यांसाठीं वापरलेली, कोणी भाड्यानें घेत नव्हतें अशी एक खोली त्यांनीं घेतली. त्यांनीं बोलाविलें म्हणून १८४५ सालीं स्माइल्स त्यांच्यापुढें बोलला, आणि तीं भाषणें वाढून पुढें पुस्तक झालें. म्हणजे व्याख्याता मागाहून आला; खोली, दिवा आणि शंभर पोरें आधींच तेथें होतीं. पुस्तकावर नांव एकट्याचें आलें, खोलींतल्यांपैकीं एकाचेंही आलें नाहीं.

त्याच सुमारास, १८४४ सालीं, रॉचडेल गांवच्या विणकरांनीं व इतर कारागिरांनीं अठ्ठावीस जणांनीं मिळून, दर माणशीं एक पौंड जमवून दुकान काढलें. पीठ, लोणी, साखर असला थोडका माल, पण भेसळ नाहीं, माप खरें, आणि उधारी बंद. जगांतल्या सहकारी दुकानांचा वंश पुष्कळ अंशीं तेथून सांगतात. ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं, म्हणून येथेंच सोडतों.

आपल्याकडचें पाहावयाचें तर साताऱ्याकडे पाहावें. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरू केलें. पुढें १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहू बोर्डिंग असें नांव मिळालें. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशीं सर्व जातींचीं मुलें एका ठिकाणीं राहत, एका पंक्तीला जेवत, आणि स्वयंपाकपाण्यापासून शेतांतल्या कामापर्यंत राबत. धान्य संपलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले हें सर्वांस ठाऊक आहे आणि तें ठाऊक असणें योग्यच आहे. परंतु आम्हांस येथें दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे. भाऊरावांना देणग्या मागतां येत नव्हत्या असें नाहीं. त्यांनीं त्या गांवोगांव फिरून मागितल्या, धान्याच्या रूपानें मागितल्या. तरीही मुलाच्या हातांत कुदळ दिली ती का? केवळ खर्च वांचविण्यासाठीं नव्हे. फुकट शिकलेल्या मुलाला जन्मभर कोणाच्या तरी उपकाराखालीं मान घालून चालावें लागतें. स्वतः राबून शिकलेला मुलगा मामलेदारापुढें उभा राहिला तर सरळ उभा राहतो. ‘कमवा व शिका’ यांतलें ‘कमवा’ हें पोटासाठीं जेवढें होतें, तेवढेंच पाठीच्या कण्यासाठीं होतें. ज्याच्या घरांत सात पिढ्यांत कोणीं पाटी धरली नव्हती, त्या पोराला ‘तुझ्यांत अमर्याद शक्ति आहे’ असें भाऊराव सांगत बसले नाहींत. त्याला त्यांनीं काम दिलें, पुस्तक दिलें, आणि त्याच्यासारखींच दुसरीं पोरें शेजारीं बसविलीं.

आतां बायकांकडे वळतों. कारण या कामांत गेल्या पन्नास वर्षांत बायका पुरुषांच्या पुढें गेल्या आहेत, आणि हें कबूल करण्यास आमच्या पुरुष वाचकांनीं संकोच करूं नये. मुंबईस गिरणी-कामगारांना जेवण करून घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांचें अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं उभें केलें. त्या बायका उधारीवर किराणा आणीत, त्यासाठीं भरमसाट व्याज देत, आणि आपण धंदा करतों हें त्यांच्या स्वतःच्याही गांवीं नव्हतें. आपण ‘चार माणसांना जेवायला घालतों’ इतकेंच त्या म्हणत. मंडळामार्फत बँकेचें कर्ज मिळालें तेव्हां त्यांना आपल्या कामाचें नांव प्रथम कळलें.

पुढें १९९२ सालीं नाबार्डनें पांचशें गटांना बँकेशीं जोडण्याचा प्रयोग केला, आणि त्यांतून देशभर बचतगट वाढले. हा गट चालतो कसा, तें एका उदाहरणानें मांडतों. पंधरा बायकांनीं दरमहा शंभर रुपये टाकले तर महिन्याला दीड हजार आणि वर्षाला अठरा हजार होतात. एकीला पोराच्या फीसाठीं पांच हजार हवे आहेत. सावकार शेंकडा पांच दरमहा घेत असेल तर महिन्याचें व्याज अडीचशें, आणि तें गेलें तें गेलें. गट शेंकडा दोन घेतो, म्हणजे शंभर रुपये. आणि ते शंभर पुन्हां त्याच पेटींत पडतात, ज्या पेटींत तिचाही वांटा आहे. पण आम्हांस पैशापेक्षां त्या बैठकीचें महत्त्व अधिक वाटतें. ज्या सुनेनें सासूसमोर कधीं तोंड उघडलें नाहीं, तिला तेथें चौदा जणींसमोर आंकडा मोठ्यानें सांगावा लागतो. मला किती हवे, कशासाठीं हवे, मी कधीं फेडीन. हप्ता चुकला तर कारण द्यावें लागतें. शेजारणीनें वायफळ कामासाठीं कर्ज मागितलें तर ‘नाहीं’ म्हणावें लागतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच शेजारणीबरोबर पाण्याला जावें लागतें. कोणत्याही शिबिरांत हें शिकवीत नाहींत. वर्षभर हें केलेली बाई ग्रामसभेंत उठून बोलली तर त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. तिची तालीम झालेली असते.

माण तालुक्यांतल्या म्हसवडची गोष्ट या बाबतींत फार बोलकी आहे. तेथल्या बायकांनीं चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानें स्वतःची बँक काढण्याचें ठरविलें. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनें नामंजूर केला, कारण सभासद होणाऱ्या बायकांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. बायका रडत बसल्या नाहींत. त्यांनीं साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां जाऊन अधिकाऱ्यांस सांगितलें कीं, आम्हांला वाचतां येत नसेल, पण मोजतां येतें. कोणत्याही रकमेचें व्याज विचारा, आम्ही यंत्राशिवाय सांगतों, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय सांगूं द्या. १९९७ सालीं माणदेशी महिला बँक सुरू झाली. त्या दिवशीं अधिकाऱ्यांपुढें त्यांना जो धीर आला तो कोठून आला? बाजारांत भाजी, शेळ्या, दूध विकून आयुष्यभर तोंडी हिशेब केला होता, तेथून. तें ज्ञान त्यांच्याजवळ आधींच होतें. कमी होतें तें एवढेंच कीं, तें ज्ञान आहे असें त्यांना कोणीं मानूं दिलें नव्हतें.

परंतु बचतगटांचाही आतां बाजार होऊं लागला आहे, हें न सांगणें म्हणजे वाचकांस फसविणें होय. पुष्कळ गांवांत गट म्हणजे कर्ज वांटणाऱ्या कंपनीची वसुलीची सोय होऊन बसला आहे. बचत नाहीं, बैठक नाहीं, हिशेबाची वही कंपनीच्या माणसाजवळ. बायकांनीं फक्त एकमेकींना जामीन राहावयाचें, आणि एकीचा हप्ता चुकला कीं बाकीच्यांनीं तिच्या दारांत जाऊन बसावयाचें. आंध्र प्रदेशांत हें इतक्या थराला गेलें कीं, जाचाला कंटाळून कर्जदारांनीं जीव दिल्याच्या तक्रारी उठल्या आणि २०१० सालीं तेथल्या सरकारला या कंपन्यांवर वटहुकूम काढावा लागला. आमच्याकडेही एका बाईच्या नांवावर तीन तीन ठिकाणचें कर्ज, आणि त्यांतलें एक नवऱ्याच्या मोटारसायकलीचें, हा प्रकार दुर्मिळ राहिलेला नाहीं. कांहीं ठिकाणीं पुढाऱ्याच्या सभेला गर्दी जमविण्यासाठींच गटाची आठवण होते. आमची खूण सोपी आहे : वही कोणाच्या घरीं आहे तें विचारा. गटांतल्या बाईच्या घरीं असेल तर तो गट.

दुसराही एक धोका आहे. आम्ही स्वावलंबन म्हटलें कीं वरचे लोक खूष होतात. ‘बघा, हे शहाणे झाले, आतां सरकारकडे कांहीं मागणार नाहींत,’ असें त्यांस वाटतें. तसें नव्हे. २०२३ च्या डिसेंबरांत कांद्याची निर्यात बंद केली गेली आणि चाळींतला कांदा मातीमोल झाला, तेव्हां कोणत्या शेतकऱ्याचा आत्मविश्वास कमी पडला होता? धरण, रस्ता, शाळा, वीज आणि मालाला भाव या गोष्टी आम्ही कर भरतों त्याच्या बदल्यांतल्या आहेत. त्या मागणें ही भीक नव्हे. रॉचडेलचे विणकर दुकान चालवीत होते म्हणून त्यांनीं मताचा हक्क मागणें सोडलें नाहीं. उलट स्वतःचा हिशेब ठेवणारा माणूसच सरकारचा हिशेब मागूं शकतो. ज्यानें कधीं पावती जपून ठेवली नाहीं, त्याचें गाऱ्हाणें कचेरींत कोण ऐकणार?

म्हणून बंधुभगिनींनो, आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. आमच्या शेतांत इर्जिक होती, सावड होती, विदर्भ-मराठवाड्यांत पैरा होता. एकाची बैलजोडी दुसऱ्याच्या रानांत, आणि दुसऱ्याचीं माणसें पहिल्याच्या खळ्यांत. बैल गेले, ट्रॅक्टर आले, आणि त्याबरोबर एकमेकांच्या बांधावर जाण्याची रीतही मोडली. ती नव्या रूपानें परत आणतां येईल. दहा घरांनीं मिळून बियाणें व खत एका बिलावर आणावें. चांभार, सुतार, लोहार, कुंभार यांनीं चामडें, लांकूड, कोळसा एकट्यानें किरकोळ न घेतां पांच जणांनीं मिळून ठोक घ्यावा. रक्कम लहान ठेवावी. पहिल्याच वर्षीं कारखाना काढण्याच्या गोष्टी करूं नयेत. घरांतला जो पोरगा पुण्याला स्पर्धापरीक्षेचीं चार वर्षें घालवून परत आला आहे आणि दाराबाहेर पडायला लाजतो, त्याच्याकडे चोपडी लिहिण्याचें काम द्यावें. तो नापास झालेला असेल, पण गांवांत इतकें वाचलेला दुसरा कोणी नाहीं. सहा महिन्यांनीं चोपडी त्याच्याकडून घेऊन दुसऱ्याकडे द्यावी, म्हणजे ती कोणाचीच मिरास होणार नाहीं. दर महिन्याचा जमाखर्च सर्वांसमोर मोठ्यानें वाचावा. ज्यांना सही येत नाहीं त्यांनीं पहिल्या तीन महिन्यांत ती शिकावी, आणि शिकविणाऱ्यानें त्याबद्दल उपकाराची भाषा करूं नये.

बैठक कोठें भरवावी असें कोणी विचारील. देवळाच्या ओट्यापेक्षां शाळेची पडवी बरी. ओट्यावर अजूनही सर्वांना सारख्या मानानें बसतां येतेंच असें नाहीं.